आधीच्या वर्षीचं शेण

जोंधळा, भात, नाचणा उभा राहिला की बांधावरून जाणाऱ्यालाही कळतं, पीक कसं आलंय. रताळं, गाजर, मुळा, बीट यांचं तसं नाही. वर पाला माजलेला असतो आणि काढणीला कुदळ घातली की हाताला बोटाएवढी मुळं लागतात. खत किती आणि कधी घालायचं, या प्रश्नाची खरी परीक्षा म्हणूनच मुळांच्या पिकांत होते. ‘सगळं शेणातच आहे’ म्हणणाऱ्यांची होते, तशी ‘शेणात आहे काय?’ म्हणणाऱ्यांचीही होते.

चंदगड तालुक्यात, बेळगावच्या हद्दीला लागून असलेल्या तांबड्या मातीच्या पट्ट्यात, पावसाळी रताळ्याचं पीक मोठं. माल बेळगावच्या बाजारात जातो आणि तिथून थेट दिल्लीपर्यंत. याच पट्ट्यातल्या एका घरातला हा वाद आहे. भाचा शेतीची पदवी घेऊन, काही वर्षं पुण्यात नोकरी करून गावी परतलेला. गोणीतलं खत शिवारात आणायचंच नाही, या मताचा. आत्या साठीच्या पुढची, जन्मभर माहेरचीच जमीन कसत आलेली. ती गोणीची बाजू घेते. बाहेरच्याला वाटेल, हे उलटं असायला हवं होतं. पण ज्या पिढीनं शेण डोक्यावरून वाहिलं, तिला त्याचं वजन ठाऊक आहे.

वैशाख संपत आलेला. वरच्या पट्टीत यंदा रताळं लावायचं, इथून बोलणं सुरू झालं.

भाचा: आत्या, यंदा वरच्या पट्टीत युरिया नको. गोठ्यातलं शेण आहे. चार रात्री धनगराची बकरी बसवू आणि लगेच वेल लावू.

(त्या भागात मेंढरांना बकरीच म्हणतात.)

आत्या: गोठ्यातलं शेण म्हणजे किती रे? म्हशी दोन. एकीचं दिवसाला दहा किलो धर. दोघींचं मिळून वर्षाला सात टन झालं. त्यात पाच हिश्शांतले चार पाणी. कुजेपर्यंत निम्म्याच्याही खाली येतं. शेणी थापायला जातं ते वेगळंच. तीन टन हाताला लागलं तरी पुष्कळ. तुझी पुस्तकं किती घाला म्हणतात?

भाचा: रताळ्याला हेक्टरी पाच ते दहा टन. म्हणजे एकरी दोन ते चार.

आत्या: मग एका एकराचं भागलं. बाकीच्या रानानं काय खायचं?

भाचा: बाकीच्या रानाला पालापाचोळ्याचं खत करू. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत त्यासाठीच तर आहे. विटांची जाळीदार टाकी, तिच्यात काडीकचरा आणि मातीचे थर, शेण अगदी थोडं, विरजणापुरतं. तीन-चार महिन्यांत खत तयार.

आत्या: चांगलं आहे, कर. पण आधी हिशेब पुरा कर. शेणखतात नत्र किती?

भाचा: अर्धा टक्का धरतात.

आत्या: म्हणजे टनाला पाच किलो. तीन टनांत पंधरा. तेही पहिल्या साली सगळं मिळत नाही.

भाचा: पहिल्या वर्षी तिसरा-चौथा हिस्सा मिळतो. बाकीचं हळूहळू सुटतं.

आत्या: म्हणजे यंदाच्या पिकाला चार-पाच किलो. आणि युरियाची 45 किलोची गोणी घेतली तर तिच्यात 46 टक्के, म्हणजे वीस किलोच्या वर नत्र. किंमत पावणेतीनशेच्या आत. एका हातानं दुचाकीवर टाकून आणतोस तू. ते तीन टन शेण मी बुट्टीनं वाहिलंय, लेकरू पोटात असताना वाहिलंय. मला कुणी शेणाचा महिमा सांगायला लागलं, की मी आधी विचारते, वाहणार कोण?

तिच्या या प्रश्नाशी मला थांबावंसं वाटतं. सेंद्रिय खतावर आपल्याकडे एवढं बोललं-लिहिलं जातं, पण गोठा झाडणारी, उकिरड्यावर पाटी टाकणारी आणि तीच पाटी भरून रानात नेणारी बहुतेक घरांत बाई होती, हे त्यात क्वचितच येतं. एकरी चार टन हा आकडा कागदावर छोटा आहे. वीस किलोच्या बुट्टीनं तो वाहायचा तर दोनशे खेपा होतात. गोणी आली तेव्हा या बायकांच्या मानेवरचं ओझं उतरलं. ज्यांना ती गोणी आता परत पाठवायची आहे, त्यांनी ट्रॉलीच्या भाड्याची आणि मजुरीची तजवीज आधी सांगितली पाहिजे.

भाच्यानं ती सांगितली. ट्रॉली त्याच्या मित्राची होती. पण त्याचा खरा मुद्दा वेगळा होता.

भाचा: आत्या, तू नत्रच मोजतेस. रताळ्याला नत्र तेवढं लागतं कुठं? त्याला पालाश जास्त लागतं. नत्र जास्त झालं की वेल पळतो आणि खाली काही धरत नाही.

आत्या: ते मला सांगू नकोस. उकिरड्याच्या कडेला पडलेला वेल बघितलाय मी. पान तळहाताएवढं, देठ अंगठ्याएवढा आणि खाली उकरलं तर दोरे. पण तो युरियानं नाही माजला, शेणानंच माजला. मग शेण तेवढं पुण्याचं आणि गोणी पापाची, हे कसं?

या प्रश्नावर भाचा गप्प झाला. गप्प होण्यासारखाच तो प्रश्न होता. झाडाच्या मुळाला नत्र शेणातलं की कारखान्यातलं, हे कळत नाही. ताजं शेण किंवा लेंड्या ढिगानं घातल्या, तर त्यातलं लगेच विरघळणारं नत्र युरियासारखंच वेल माजवतं. अर्धवट कुजलेल्या खतात वैरणीच्या काड्या फार असतील, तर त्या कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आपल्याकडे ओढतात आणि पीक पिवळं पडतं. एकाच उकिरड्यातून दोन्ही उलट्या गोष्टी घडू शकतात. मग त्याला ‘नैसर्गिक’ म्हणून काय उपयोग?

पण नत्र हा शेणाचा लहान भाग आहे, यात भाच्याचं बरोबर होतं. वेल लावल्यानंतरच्या पहिल्या महिना-दीड महिन्यात रताळ्याच्या कोवळ्या मुळांपैकी कुठली फुगणार आणि कुठली दोरीसारखी राहणार, हे बरंचसं ठरून जातं. त्या काळात माती भुसभुशीत असेल, तिच्यात हवा खेळत असेल, तर मुळात साठा भरू लागतो. माती घट्ट बसली किंवा पाणी तुंबलं, की तेच मूळ आतून लाकडासारखं होतं आणि मग कितीही खत घाला, ते फुगत नाही. चंदगडच्या पावसात तांबडी माती थेंबांच्या माऱ्यानं वरून लिंपली जाते. वर्षानुवर्षं शेणखत मिळालेल्या मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, पाणी आत जिरतं, वरंबा भुसभुशीत राहतो. हे काम युरियाची गोणी करू शकत नाही, कितीही स्वस्त असली तरी.

भाचा: इंग्लंडात रॉथमस्टेडला एक शेत आहे, आत्या. तिथल्या एका तुकड्याला 1852 पासून 1871 पर्यंत दरवर्षी शेणखत घातलं आणि मग बंद केलं. पुढं शंभर वर्षांनीसुद्धा त्या तुकड्यातला सेंद्रिय कर्ब शेजारच्या, कधीच शेणखत न मिळालेल्या तुकड्यापेक्षा जास्त भरला. वीस वर्षं घातलेलं शेण शंभर वर्षं पुरलं. युरियाचं असं होईल?

आत्या: दरवर्षी किती घालत होते?

भाचा: हेक्टरी पस्तीस टन.

आत्या: म्हणजे एकरी चौदा! मग आपल्या दोन म्हशींच्या जागी किती म्हशी बांधायच्या? आणि थंडीच्या मुलखात ते टिकलं असेल. आपल्याकडे चैताच्या उन्हात शेण ठेवलं तर दोन महिन्यांत हलकं होतं.

भाचा: उष्ण हवेत कर्ब लवकर जळतो, हे खरं. म्हणूनच आपल्याकडे ते अधूनमधून घालत राहावं लागतं. आपल्या देशात 1970 पासून असेच लांब पल्ल्याचे प्रयोग चालू आहेत, आपल्या अकोल्यालासुद्धा आहे एक. बहुतेक ठिकाणी सरस ठरलं ते रासायनिक खत आणि शेणखत दोन्ही दिलेलं रान.

आत्या: दोन्ही?

भाचा: हो, दोन्ही.

आत्या: मग गोणी शिवारात आणायची नाही, हे कुठल्या प्रयोगात आलं?

भाचा हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, “माझा राग गोणीवर कमी आणि गोणी आल्यावर आपण उकिरड्याचं जे केलं त्यावर जास्त आहे.” हे मला पटलं. गोठ्यातलं मूत नाल्यातून वाहून जातं. जनावर जेवढं नत्र बाहेर टाकतं, त्यातलं निम्म्याच्या आसपास मुतात असतं आणि पालाश तर बहुतेक मुतातच. शेण ढिगावर उघडं पडतं, वळवाच्या पावसात धुपतं, उन्हात वाळतं. एवढं गमावून जे उरतं ते आपण रानात नेतो आणि मग म्हणतो, शेणात काही नाही.

या देशात हे फार आधी ओळखलं गेलं होतं. होळकरांच्या इंदुरात 1924 मध्ये सुरू झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी खत कुजवण्याची एक पद्धत बसवली. शेतातला काडीकचरा, शेण आणि गोठ्यातली मुताने भिजलेली माती, यांचे थर द्यायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी ढीग उलथायचा. तीन महिन्यांत काळं, मोकळं खत हाती येई. 1931 साली दोघांच्या नावानं त्यावर इंग्रजी पुस्तक निघालं. जगानं ही पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणून घेतली आणि सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड मोठे झाले. वाडांचं नाव मराठी वाचकालासुद्धा सहसा ठाऊक नसतं. त्या पद्धतीतला मोलाचा भाग मला गोठ्यातली माती वाटतो. मूत वाया घालवायचं नाही, हे त्यात काटेकोरपणे पाळलेलं आहे. भाच्यानं आत्याला हेच सांगितलं.

आत्या: आमच्या आईच्या वेळी गोठ्यात पातेरा अंथरायचे. रानातला वाळका पाला. म्हशी त्यावर मुतायच्या, तुडवायच्या. चार दिवसांनी तो ओढून खड्ड्यात. तू म्हणतोस तेच झालं की.

भाचा: तेच. आपण फरशी घातली आणि नळीनं धुवायला लागलो. शिवाय चुलीची राख ताज्या शेणावर ओततेस, ते बंद कर. राखेनं शेणातला अमोनिया सुटतो. तो नाकाला झोंबतो ना, ते नत्र उडत असतं.

आत्या: बरं. राख वेगळी ठेवीन, वरंब्यात टाकायला. आता माझं ऐक. बकरी बसवून लगेच रताळं लावायचं म्हणतोस, ते चालायचं नाही.

इथून पुढचं बोलणं आत्याचं होतं. तिनं त्याला घरामागच्या ढिगाकडे नेलं. पहार ढिगाच्या पोटात खुपसली, थोडा वेळ ठेवली, उपसून त्याच्या तळहातावर टेकवली. चटका बसला. “अजून पेटलाय,” ती म्हणाली. मग ढिगाच्या जुन्या बाजूचं मूठभर खत घेऊन चोळलं. भुगा मोकळा पडला, वास मातीचा, वैरणीची काडी ओळखू येत नव्हती. नव्या बाजूची लेंडी बोटांत फोडली, तर आत हिरवट, चिकट गर. “हे पिकाला द्यायचं नाही. ज्याला शंका असेल त्यानं कुंडीत हे खत घेऊन मेथी टाकावी. उगवली नाही किंवा उगवून पिवळी पडली, तर खत कच्चं.”

आत्या: परड्यातली गाजरं आठवतात? दोन-तीन पायांची निघायची.

भाचा: हो. दगडामुळं असेल.

आत्या: दगडानं होतं, ढेकळानं होतं आणि कच्च्या शेणानंही होतं. सोटमुळाचं टोक शेणाच्या गोळ्याला लागलं की करपतं. मग बाजूची मुळं जाड होतात. गाजर, मुळा, बीट, ज्याचं मूळ सरळ खाली जायचं आहे, त्याच्या वाटेत कच्चं शेण ठेवायचं नाही. बटाट्याला तर खपली धरते.

गाजर-मुळ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती कुणीच टाळू नये. ही मुळं आपण कच्ची खातो. कच्च्या शेणातले रोगजंतू आणि जंतांची अंडी मातीतून थेट ताटात येऊ शकतात. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत, खायचा भाग मातीला टेकतो अशा पिकाला कच्चं शेण घातलं, तर ते घालणं आणि काढणी यांत निदान 120 दिवस जावे लागतात. नीट तापलेल्या, उलथलेल्या ढिगात 55-60 अंशांच्या उष्णतेनं यातलं बरंचसं मरतं, तणाचं बीही मरतं. बहुतेक गाजरं तीन-चार महिन्यांत निघतात. म्हणजे पेरताना कच्चं शेण घातलं, तर तो नियम पाळणंच शक्य नाही.

भाचा: आणि मुळं खाणारी हुमणी? लोक म्हणतात शेणखतातनं येते.

आत्या: येते, पण ढिगातली प्रत्येक अळी हुमणी नसते. हे बघ.

तिनं ढिगातून एक पांढरी, जाड अळी काढून सपाट जमिनीवर ठेवली. अळी उताणी झाली आणि पाय आभाळाकडे करून पाठीवरच सरकू लागली. अशी पाठीवर चालणारी अळी फुलांवरच्या भुंगेऱ्याची असते. ती कुजका पाला खाते, मुळांना हात लावत नाही, उलट खत बारीक करते. हुमणी पाठीवर चालत नाही. ती इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळून पडते आणि पायांवर हळूहळू सरपटते. ढिगात अळ्या दिसल्या म्हणून औषध ओतणाऱ्यानं आधी एवढं बघावं. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते गोळा करून मारणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. मात्र गावानं एकत्र केला तरच.

भाचा: मग तुझं म्हणणं, बकरी बसवायचीच नाहीत?

आत्या: बसव की. बकऱ्यांसारखं खत नाही. लेंडी रानात पडते, मूतही रानातच पडतं, बुट्टी कुणाला उचलावी लागत नाही. पण सकाळी बकरी उठली की त्याच दिवशी कुळव फिरव. चार दिवस उन्हात ठेवलंस तर निम्मं वाऱ्यावर गेलं. आणि त्यावर रताळं नको, नाचणा लाव. नाचण्याला ते ताजं खत सोसतं. रताळं तिथं पुढच्या साली.

भाचा: म्हणजे शेण एका पिकाला द्यायचं आणि मुळाचं पीक त्याच्यामागून घ्यायचं.

आत्या: आमच्यात असंच होतं. गोणी आल्यावर फेरपालट मोडली. दरसाल तेच रान, तेच रताळं. मग सोंड्या वाढला.

सोंड्याचा उल्लेख तिनं सहज केला, पण तो महत्त्वाचा आहे. रताळं फुगू लागलं की वरंब्याला भेगा पडतात आणि त्या भेगांतून सोंड्या भुंगा मुळापर्यंत पोचतो. पोखरलेलं रताळं इतकं कडू होतं की जनावरही तोंड लावत नाही. वरंब्याला वेळच्या वेळी माती लावणं आणि रान बदलणं, हे त्यावरचे जुने उपाय आहेत. फेरपालट असली, तर शेणाचाही प्रश्न सुटतो, कारण खताच्या आणि मुळाच्या मध्ये एक पीक आपोआप येतं.

मला विचाराल, तर या दोघांच्या वादात शेण की गोणी, हा प्रश्न मागं पडला आणि ‘केव्हा’ हा प्रश्न पुढं आला, ही सगळ्यात चांगली गोष्ट झाली. रताळ्याला, गाजराला शेण हवं, पण आदल्या वर्षीचं हवं. त्या एका वर्षात नत्राचा जोर नाचणा घेऊन जातो, लेंडीचा भुगा होतो, गांडुळं ते खाली नेतात आणि मातीत मुळाला फुगायला जागा तयार होते. उरलेली कमी, विशेषतः पालाशची, माती तपासून गोणीतून भरली, तर त्यात मला कसलाच कमीपणा दिसत नाही. भाच्याला तो अजून दिसतो.

आत्या: मग रताळं यंदा खालच्या पट्टीत, तिथं गेल्या साली खत पडलंय. वरच्या पट्टीत बकरी आणि नाचणा. खाली मी अर्धी गोणी पोटॅश टाकणार.

भाचा: पोटॅश कशाला? राख आहे की.

आत्या: घरात गॅस आल्यापासून राख किती निघते? पाण्याच्या चुलीची तेवढी. चार वरंब्यांना पुरेल.

भाचा: माती तपासायला देतो. पालाश कमी निघालं तर टाक, नाहीतर नाही.

आत्या: दे. पण वेल लावायच्या आधी कागद हातात पाहिजे. आणि धनगराकडे उद्याच जा. रात्रीला पैसे किती, दाणे किती, सगळं आधी ठरव. मिरग तोंडावर आला की ती माणसं परतीच्या वाटेला लागतात, मग कुणी थांबत नाही.